भावकी आणि सोयरीक

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या एसटीत जागा मिळून बूड टेकतंय न टेकतंय तोच शेजारून प्रश्न येतो, "पाव्हणं, कुठलं गाव म्हणायचं?"

"सरवड्याचा, आबा."

"सरवडं? आमची थोरली भाची सरवड्यातच दिलीया की. पाण्याच्या टाकीजवळ घर हाय बघ."

"म्हंजे आमच्या आळीलाच की!"

आबा जरा सरकून बसतात, पिशवीतून शेंगा निघतात, आणि मुदाळ तिट्टा येईपर्यंत दोन अनोळखी माणसांमध्ये एक धागा विणला गेलेला असतो. या बोलीत अनोळखी माणसाला हाक मारायची तीसुद्धा 'पाव्हणं' अशीच. ओळख अजून पटायची आहे, पण नातं आधीच धरून चाललेलं असतं. मग गावाची, आळीची, दिल्या-घेतल्या लेकींची नावं घेत ते नातं शोधायचं. बहुतेक वेळा ते सापडतं.

माणसं एकमेकांशी कशी बांधलेली असतात, हा समाजशास्त्राचा सगळ्यात जुना प्रश्न. त्यावर जर्मन, फ्रेंच, अमेरिकन अभ्यासकांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आणि अनेक संज्ञा घडवल्या. या प्रकरणात मी मात्र कोल्हापूरच्या खेड्यांतले दोन साधे शब्द घेऊन चालणार आहे: भावकी आणि सोयरीक. समाजातल्या बंधांची ओळख करून घ्यायला यांच्याइतके नेमके शब्द मला दुसरे सापडलेले नाहीत.

भावकी म्हणजे एका मूळ पुरुषाची पोरं-नातवंडं. घराच्या भिंतीला भिंत, शेताच्या बांधाला बांध. एकाच्या घरी सुतक आलं की सगळ्यांनी पाळायचं, एकाच्या घरी पाळणा हलला की सगळ्यांना सोहेर. मयत झाली की निरोप देण्याआधीच भावकी दारात उभी असते. आणि बांधावरून कोर्टात जाणारी तीही भावकीच. कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाचं कर्ज किती, हे सगळ्यांना ठाऊक. आधार आणि जाच दोन्ही एकाच घरातून येतात. तिथे माणूस एकटा पडत नाही, पण त्याला एकटं राहूही दिलं जात नाही.

भावकीत लग्न होत नाही. म्हणून लेक बाहेर द्यावी लागते आणि सूनही बाहेरूनच आणावी लागते, बहुतेक वेळा दुसऱ्या गावातून. इथून सोयरीक सुरू होते. एका घरातल्या तीन बहिणी तीन गावांत गेल्या की त्या घराला तीन गावांत पाय ठेवायला उंबरा मिळतो. एडवर्ड टायलर या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने १८८९ मध्येच म्हटलं होतं की, आदिम टोळ्यांपुढे दोनच वाटा होत्या: बाहेर लग्नं करायची, नाहीतर बाहेरच्यांच्या हातून मरायचं. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं. आपल्याकडे मामाची मुलगी करायची चाल आहे, ती दक्षिणेची खूण. आईच्या माहेरी पुन्हा सोयरीक जुळते, म्हणजे एका पिढीने बांधलेला पूल पुढची पिढी डागडुजी करून वापरत राहते.

या सोयरिकीचा सगळा हिशेब बायकांच्या डोक्यात असतो. कुणाची मावळण कुठे दिली, कुणाच्या जावेचा भाऊ कुठल्या कारखान्यात आहे, हे घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारलं तर तो बायकोकडे बघतो. गावांना गावं जोडणारं हे जाळं ज्यांच्या अंगावर विणलं गेलं, त्यांची नावं वंशावळीत बहुधा नसतात. मला ही फार मोठी उणीव वाटते.

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या तरुण अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक लेख प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना त्याने विचारलं होतं की, तुम्हाला ही नोकरी कळली कशी? ज्यांना ती ओळखीतून मिळाली होती, त्यांना त्याने पुढे विचारलं, त्या काळात त्या माणसाशी तुमची गाठभेट कितपत व्हायची? वारंवार व्हायची असं म्हणणारे शंभरातले जेमतेम सतरा निघाले. अधूनमधून म्हणणारे छपन्नच्या आसपास, आणि क्वचितच म्हणणारे अठ्ठावीसेक. म्हणजे जिवलग मित्रांपेक्षा दूरचे ओळखीचे जास्त कामी आले होते. कारण उघड आहे. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून. ग्रॅनोव्हेटरने याला 'सैल धाग्यांचं बळ' म्हटलं. कोल्हापुरात हे शिवाजी उद्यमनगरात बघायला मिळतं. एका शेडमध्ये पॅटर्न, दुसरीत ओतकाम, तिसरीत टर्निंग, चौथीत बोअरिंग. जॉब या दारातून त्या दारात फिरतो आणि त्याच्याबरोबर बातमीही फिरते: कुठे माणूस हवाय, कुणाचं मशीन रिकामं आहे, कुणाचं पेमेंट अडकलंय. चहाच्या गाड्यावर रोज दहा मिनिटं दिसणारा माणूस तिथे सख्ख्या भावापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

धागा घट्ट की सैल हे ठरतं देण्याघेण्यावरून. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडे जुलैत भाताची रोपलावण पैऱ्याने होते. आज माझ्या खाचरात तुम्ही दहा बायका आलात, उद्या मी तुमच्या खाचरात. पैसे कुणी कुणाला देत नाही. कुणाचे किती दिवस फिरायचे राहिलेत ते लिहिलेलं नसतं, पण विसरलंही जात नाही. एखादी आजारी पडली तर तिची लेक किंवा सून येते आणि पैरा फेडून जाते. गल्लीतली भिशी हे त्याच विश्वासाचं शहरातलं रूप. दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि दिवाळीच्या तोंडावर वाटप घ्यायचं. कागद म्हणाल तर एक वही. भिशी चालवणारा माणूस त्याच गल्लीत राहतो, त्याची पोरं त्याच शाळेत जातात, आणि तीच त्याची हमी.

आता तालमीकडे वळतो, कारण कोल्हापूर शहर समजून घ्यायचं तर तालमीच्या दारातूनच आत जावं लागतं. पहाटे अजून अंधार असतो, आतला पिवळा दिवा लागलेला असतो. पठ्ठे फावड्याने हौद्यातली लाल माती उकरून भुसभुशीत करतात. या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घातलेलं असतं. तिचा वास एकदा नाकात बसला की पुढे कुठेही ओळखता येतो. भिंतीवर मारुतीची तसबीर. जोर-बैठका झाल्या की जोडी हौद्यात उतरते, माती कपाळाला लावते, एकमेकांच्या पाठीवर टाकते म्हणजे पकड निसटत नाही. तासाभराने कुणाचा घाम कुठला ते सांगता येत नाही. बाजूला कुंडीत बदामाची थंडाई घोटली जात असते. वस्तादांचा आवाज चढला की सगळे गप्प. एकसंब्यासारख्या सीमेपलीकडच्या गावातून आलेला पोरगा इथेच राहतो, इथेच शिजवतो, इथेच झोपतो. श्रीपती खंचनाळे त्याच एकसंब्याचे. कोल्हापूरच्या मातीत घडले आणि १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले.

चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये 'प्राथमिक गट' ही संज्ञा वापरली. समोरासमोरचा, दीर्घकाळचा, माणसाला 'मी'च्या आधी 'आपण' म्हणायला शिकवणारा गट. कुटुंब, खेळगडी, शेजार ही त्याची उदाहरणं. तालीम या व्याख्येत चपखल बसते. शहरात तालीम कुस्तीपुरती राहिली नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावं आज तरुण पोरांच्या तोंडी असतात ती फुटबॉलमुळे. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ आपल्या रंगात तिथे येऊन बसते. गणपती तालमीचा, रक्तदान शिबिर तालमीचं, रात्री बारा वाजता दवाखान्यात न्यायला धावणारी पोरं तालमीचीच. हे सगळं मोलाचं आहे. पण तालीम हीसुद्धा एक भावकीच. सामना संपल्यावर दोन पेठांच्या पोरांत हाणामारी होते, तेव्हा ज्या 'आपण'मुळे रक्त देण्यासाठी रांग लागते, तेच 'आपण' हातात दगड घेतं. शिवाय हौद्यात एकदा उतरल्यावर शिवाशिव पाळताच येत नाही, म्हणून कुणाला आत घ्यायचं हा प्रश्न पूर्वी दाराशीच सोडवला जायचा. आणि बायकांसाठी ते दार कितीतरी पिढ्या बंदच होतं.

याच तालमींनी शहराला सोयरीकही दिलेली आहे. मोहरमात कोल्हापूरच्या अनेक तालमींत पीर-पंजे बसतात, आणि ते बसवणाऱ्यांत, त्यांच्यापुढे नाचणाऱ्यांत हिंदू घरातली माणसं असतात. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले, तेव्हा काही ठिकाणी एकाच मांडवात गणपती आणि पंजे शेजारीशेजारी बसले. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाने भारतातली सहा शहरं दोनदोनच्या जोड्या लावून अभ्यासली आणि २००२ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. दंगल पेटू न देण्याची ताकद शेजारधर्मात असते, पण मोठ्या शहरात तेवढीच पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच संघटनेत, एकाच धंद्यात, एकाच मंडळात असावी लागतात. कारण अफवा पसरली की अशीच माणसं रात्री एकमेकांना फोन करून खरं-खोटं करू शकतात. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून तणाव पेटला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. ज्या शहरात पंजे आणि गणपती एकत्र बसले, त्याच शहरात हे घडलं. वर्षातून दहा दिवस एका मांडवात बसणं आणि वर्षभर एका कामात असणं यांतला फरक त्या दिवसांत दिसला. मला त्याचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

सोयरीक आपोआप होत नाही, ती कुणाला तरी घडवावी लागते. हे कोल्हापुरात एका माणसाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरतं कळलं होतं.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्या जातींचं मिळून एक वसतिगृह काढून पाहिलं होतं. ते टिकलं नाही. कागदावर सर्वांचं असलेलं वसतिगृह थोड्याच काळात ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतं उरलं. मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायतांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिश्चन अशी एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली. दरबाराने जागा द्यायची, मदत द्यायची. समाजाने आपल्या लोकांतून वर्गणी काढायची आणि कारभार पाहायचा. आज दसरा चौकात उभं राहिलं की यांतल्या काही वास्तू एका नजरेत येतात.

म्हणजे महाराजांनी भावकीच्या ताकदीलाच कामाला लावलं. परक्या मुलाच्या जेवणासाठी पैसा न काढणारा सावकार आपल्या जातीच्या मुलासाठी काढतो, हे त्यांनी ओळखलं होतं. यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. जातीजातीची बोर्डिंगं काढून जाती पक्क्या केल्या, असं म्हणतात. या टीकेत तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागाच नव्हती. आधी ती देणं भाग होतं. पुढे १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. रात्री आपापल्या बोर्डिंगात आणि दिवसा एका वर्गात, असा तो मार्ग होता.

पण त्या मार्गावरचा खरा प्रश्न एका जैन मुलाने विचारला. कुंभोजचा भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकायला होता. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं की विटाळ झाला आहे, आंघोळ करून आत ये. त्याने नकार दिला. त्याला बोर्डिंग सोडावं लागलं.

त्या आंघोळीची गोष्ट मी कितीदा तरी सांगितली असेल. बादलीभर पाण्याचा प्रश्न होता. पाणी अंगावर घेतलं असतं तर जेवणाची, झोपायची, शिक्षणाची सोय राहिली असती. भावकी माणसाकडून मागते ती किंमत बहुतेक वेळा अशीच लहान असते, आणि म्हणूनच ती कुणी मोजत नाही. भाऊरावांनी ती मोजली. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहायची, मिळून स्वयंपाक करायची आणि एका पंगतीत जेवायची. कोठीत धान्य नव्हतं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडून पोरांना जेवू घातलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. ज्यांच्या राज्यातल्या एका बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं, त्यांचंच नाव. भाऊरावांना त्यात विसंगती वाटली नाही, मलाही वाटत नाही. महाराजांनी चूल पेटवून दिली होती, भाऊरावांनी तिच्याभोवती सगळ्यांना बसवलं.

महाराज स्वतःही थांबलेले नव्हते. त्यांच्या पागेतल्या गंगाराम कांबळे या दलित सेवकाने सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामने चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडी त्या हॉटेलापुढे थांबायला लागली. ते गंगारामला हाक मारून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही द्यायचे. राजाच्या हातात कप आहे म्हटल्यावर मानकऱ्याला नाही म्हणता येईना. समाजशास्त्राच्या पुस्तकांत गटागटांमधल्या पुलांची चर्चा खूप असते, पण पूल बांधणारा कुणीतरी पहिला घोट घ्यावा लागतो, हे या हॉटेलाइतकं स्पष्ट मी कुठे वाचलेलं नाही. महाराज १९२२ मध्ये गेले. त्यांच्या पहिल्या स्मारकासाठी पुढाकार घेणाऱ्यांत गंगाराम कांबळे होते.

धाग्यांची परीक्षा संकटात होते. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. एरिक क्लिनेनबर्ग या अभ्यासकाला दिसलं की शेजारीशेजारी असलेल्या, सारख्याच गरीब दोन वस्त्यांत मृत्यूच्या प्रमाणात कितीतरी पटींचा फरक होता. जिथे दुकानं चालू होती, रस्त्यावर वर्दळ होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती, तिथे माणसं वाचली. दुसरीकडे ओस पडलेल्या रस्त्यांच्या भीतीने म्हातारी माणसं दार लावून आत बसली आणि आतच गेली.

कोल्हापूरची परीक्षा पंचगंगा घेते. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा गेलं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. पेठापेठांतल्या तालमींनी चुली मांडल्या, घराघरांतून चपात्या गोळा झाल्या, पोरं छातीभर पाण्यात उतरली. शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या अंगावर जाणारी पोरं त्या आठवड्यात एकाच दोरीला धरून उभी होती.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी आहे. नदीकाठच्या गावात भावकी सगळी काठावरच राहते. बांधाला बांध, भिंतीला भिंत. पाणी येतं तेव्हा ते सगळ्यांच्याच घरात येतं. रोज धावून येणारा चुलतभाऊ त्या रात्री स्वतःच माळ्यावर चढून बसलेला असतो. घट्ट धागे एकदमच भिजतात. अशा वेळी उपयोगी पडते ती माळावरच्या गावात दिलेली लेक. सरकारी छावण्यांत राहिलेल्यांच्या याद्या होतात, पण कितीतरी कुटुंबं छावणीत जातच नाहीत, ती पाहुण्यांकडे जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हातारी, पोरं, गादी, धान्याचं पोतं. मागून म्हशी चालत.

२०१९ च्या पुरात अशा एका घरी मी गेलो होतो. पाच माणसांच्या घरात सतरा झाली होती. गोठ्यात घरच्या दोन म्हशी आणि पाहुण्यांच्या तीन. सकाळी धारा काढल्यावर घरची सून दोन वेगळ्या किटल्या घेऊन दूध संस्थेत निघाली. खातं एकच, तिच्या सासऱ्याच्या नावाचं. मी विचारलं, मग हिशेब कसा ठेवता? तिने चुलीवरच्या फळीवरची पोराची जुनी वही काढून दाखवली. डाव्या बाजूला 'आमचं', उजव्या बाजूला 'आईचं', आणि खाली रोजचे लिटर.